घरात खाली टॉयलेट हवंच का? कोल्हापुरात उत्तर देण्याआधी पुराची पातळीही बघावी लागते

कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उजळाईवाडी. कोल्हापूरच्या कडेने गेल्या काही वर्षांत रो-हाऊस आणि बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. यातल्या बऱ्याच घरांचा नकाशा एकाच साच्यातला असतो. खाली पार्किंग, हॉल, किचन आणि देवघर. वर दोन बेडरूम आणि त्यांना जोडून टॉयलेट. जागा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, नाहीतर त्याच्या निम्मी. मग नकाशावर पहिली कात्री लागते ती खालच्या टॉयलेटला. "वर दोन आहेत की, खाली आणि कशाला?"

घर बांधताना जोडप्याचं वय असतं तीस-पस्तीस. तेव्हा हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याच घरात आई-वडील राहायला येतात, कुणाचा पाय मोडतो, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मग रोजचं घर जिन्यापाशी येऊन अडतं.

जुन्या घरात हा प्रश्नच नव्हता

जुन्या कोल्हापुरी घराची रचना आठवा. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागे परडं. संडास असलाच तर परड्याच्या पार टोकाला. यामागे दुर्गंधी हे एक कारण होतंच, पण सोवळं-ओवळंही होतं. महाराष्ट्रातल्या शहरांच्या जुन्या पेठांमध्ये टोपलीचे संडास असायचे आणि त्यातला मैला मागच्या बोळातून येऊन माणसं उचलून न्यायची. जातीनं लादलेलं हे काम घरच्यांच्या नजरेआड व्हावं, अशी घराची मांडणीच होती. कोरड्या संडासांवर आणि या प्रथेवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला १९९३ मध्ये, आणि त्याहून कडक कायदा २०१३ मध्ये. या कायद्यांआधीच फ्लश आणि सेप्टिक टँक आले होते, आणि संडास परड्यातून घरात सरकला होता.

आता तो घरात आला म्हटल्यावर किचन आणि देवघराच्या शेजारी कसा ठेवायचा? म्हणून बऱ्याच ठिकाणी तो वरच्या मजल्यावर गेला. परड्यातल्या संडासाला जाताना पावसात भिजावं लागायचं, रात्री कंदील किंवा बॅटरी लागायची. पण जिना चढावा लागत नव्हता.

रात्रीच्या पंधरा पायऱ्या

साठीनंतर रात्री लघवीला उठावं लागणं अगदी सामान्य आहे. पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढलेली असते, मधुमेह असेल तर लघवी जास्त होते, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्याही लघवी वाढवणाऱ्या असतात. दहा फूट उंचीच्या मजल्याला साधारण पंधरा ते अठरा पायऱ्या लागतात. लहान प्लॉटवर जागा वाचवण्यासाठी जिना अरुंद आणि उभा होतो. झोपेतून उठून, अर्धवट उजेडात, चष्म्याशिवाय तो चढायचा आणि पुन्हा उतरायचा. रात्रीतून दोन वेळा गेलं तर चार फेऱ्या झाल्या.

खरी अडचण पडण्याच्या आधीच सुरू होते. जिना टाळण्यासाठी म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाणी पिणंच कमी करतात. घरात कुणाला ते सांगत नाहीत. मग बद्धकोष्ठता, लघवीचं इन्फेक्शन, उन्हाळ्यात चक्कर. "आजीचं खाणं-पिणं कमी झालंय" असं घरच्यांना वाटत राहतं आणि कारण जिन्यात असतं.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढची माणसं सुमारे १०.४ कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. आता हे प्रमाण त्याहून जास्त आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९९ पासून नवीन घर बांधताना प्रवेशाच्या मजल्यावर टॉयलेट ठेवणं इमारत नियमांनीच बंधनकारक केलं. आपल्याकडे हा विचार घरमालकाला आणि त्याच्या आर्किटेक्टलाच करावा लागतो.

बाकीचे फायदे आहेतच. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, सीपीआरला दाखवायला गावाकडून आलेले काका, सकाळी सात वाजताची रांग. आणि कोल्हापुरात जेवणावळ म्हणजे पंधरा-वीस माणसं सहज. तांबडा-पांढरा झाला की प्रत्येक पाहुण्याला हात धुवायला खालचं बेसिन चालतं, पण टॉयलेटला जायचं तर घरच्यांच्या बेडरूममधून. दोघांनाही अवघड.

किती जागा लागते?

नुसतं कमोड आणि छोटं बेसिन हवं असेल तर साधारण तीन फूट बाय चार-साडेचार फुटांत काम होतं. बारा-चौदा चौरस फूट. पण घरात वयस्कर माणूस असेल किंवा पुढे असणार असेल, तर आंघोळीची सोयही खालीच हवी. चार बाय सात, म्हणजे २८ चौरस फूट धरा. अर्ध्या गुंठ्यातही ही जागा हॉलमधल्या एका सोफ्यापेक्षा फार जास्त नाही.

जिन्याखालची जागा सगळ्यांच्या डोळ्यापुढे येते. मधला टप्पा साधारण पाच फुटांवर येतो, त्यामुळे तिथे ताठ उभं राहता येत नाही. कमोड कमी उंचीच्या बाजूला आणि दार जास्त उंचीच्या बाजूला, असं बसवलं तर निभतं, कारण बसलेल्या माणसाला उंची कमी लागते. तरी उठताना डोकं कुठे येतं, हे आधी खडूनं भिंतीवर आखून बघावं.

किचनजवळ वास येईल ही भीती बरोबर आहे, पण वास शेजारपणाने येत नाही. तो येतो ट्रॅपमधलं पाणी सुकल्यामुळे आणि गॅसचा पाइप छतापर्यंत न नेल्यामुळे. टॉयलेट कमी वापरात असेल तर आठवड्यातून एकदा भांड्यात आणि जाळीत तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं. दार मात्र थेट ओट्यासमोर किंवा देवघरासमोर उघडू नये. मागच्या वॉशिंगच्या जागेतून छोटा बोळ काढला तर वास्तू मानणाऱ्यांचं आणि न मानणाऱ्यांचं, दोघांचंही भांडण मिटतं.

दार बाहेर उघडणारं ठेवा. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारं असेल, तर पडलेल्या माणसामुळेच ते उघडत नाही. कडी बाहेरूनही सोडवता येईल अशी हवी. धरायचा दांडा विटेच्या भिंतीत बोल्टनं पक्का बसवायचा, टाइलवर चिकटवून नाही.

आता कोल्हापूरचा खास मुद्दा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्क, सुतारवाडा इथल्या लोकांना हे आकडे कॅलेंडरच्या तारखांसारखे पाठ आहेत.

अशा भागात पुराचं पाणी दारातून येण्याआधी बऱ्याचदा भांड्यातून येतं. कारण साधं आहे. बाहेरचं चेंबर आणि ड्रेनेजची लाइन पाण्याने भरली की पाणी उलटं फिरतं आणि घरातलं सगळ्यात खालचं तोंड शोधतं. ते तोंड म्हणजे तळमजल्यावरचं टॉयलेट किंवा न्हाणीची जाळी. येतं ते नुसतं पाणी नसतं, अख्ख्या गल्लीचा मैला असतो. सेप्टिक टँक असलेली घरंही सुटत नाहीत. टँक बुडाला की तोच प्रकार.

म्हणून पूरपट्ट्यात खाली टॉयलेट नकोच, असं काहीजण म्हणतात. पण पूर येतो काही दिवस, जिना वर्षभर असतो. टॉयलेट काढून टाकण्यापेक्षा ते नीट बांधणं शहाणपणाचं.

पहिलं, उंची. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं, त्याच्या खुणा शेजारच्या भिंतींवर किंवा शेजाऱ्यांच्या आठवणीत असतात. त्या नकाशावर मांडा. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत प्लॉट असेल तर जोत्याच्या उंचीचे नियम वेगळे आहेत, ते महापालिकेत विचारूनच पुढे जावं. जोतं त्या खुणेच्या वर नेता येत नसेल, तरी कमोड बाहेरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा उंच राहील एवढं बघा. मग चेंबर तुंबलं तर घाण आधी अंगणात येते.

दुसरं, आणि इथेच बहुतेक घरांत चूक होते. वरच्या मजल्याचा आणि खालचा पाइप एकत्र जोडू नका. खालच्या भांड्याची लाइन स्वतंत्रपणे थेट चेंबरला न्यावी. एकच पाइप असेल आणि तो तळाशी तुंबला, तर वर ओढलेला फ्लश खालच्या भांड्यातून वर येतो. पुराशिवायही हे होतं.

तिसरं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी बाहेर जाऊ देणारं आणि उलटं आलं की बंद होणारं हे झडप. ते फक्त खालच्या लाइनवर बसवायचं. सगळ्या घराच्या मुख्य लाइनवर बसवलं, तर पुरात ते बंद झाल्यावर वरच्या मजल्यावरचं पाणी कुठेच जाणार नाही आणि आपल्याच घाणीनं आपलं घर भरेल. फक्त खालच्या लाइनवर असेल तर सुरुवातीला तरी वरचं टॉयलेट चालू राहण्याची शक्यता असते. झडपेपाशी झाकण ठेवावं आणि पावसाळ्याआधी ते उघडून साफ करावं. कपडा किंवा सॅनिटरी पॅड अडकलं तर झडप अर्धवट उघडंच राहतं.

घर आधीच बांधून झालंय?

तेव्हा खर्च भांड्याचा नसतो, फरशी फोडून पाइपला उतार देण्याचा असतो. चार इंची पाइपला दर चाळीस फुटांना साधारण एक फूट उतार धरला जातो. म्हणजे चेंबर घराच्या मागे आणि टॉयलेट पुढे जिन्याखाली असेल तर अख्खा हॉल उखडावा लागतो. त्यामुळे जागा निवडताना आधी चेंबर कुठे आहे ते बघा. मागच्या भिंतीला लागून परड्यात खोली काढून तिचं दार घरात घेणं अनेकदा सगळ्यात स्वस्त पडतं. मात्र मोकळी सोडायची जागा त्यात जाणार असेल, तर परवानगीचा प्रश्न येतो.

भाड्याचं घर असेल किंवा फोडाफोड शक्य नसेल, तर सर्जिकलच्या दुकानात कमोड चेअर मिळते. खाली भांडं असलेली खुर्ची, रात्री पलंगाशेजारी ठेवायची. वयस्कर माणसं सुरुवातीला लाजून नको म्हणतात. पलंगाभोवती एक पडदा लावला तर बऱ्याचदा तयार होतात.