शॉकअपमधला तरंगता पिस्टन

ऑफ-रोड गाडीच्या महागड्या शॉकअपला चिकटून किंवा नळीने जोडलेली एक छोटी डबी असते. तिच्या टोकाला व्हॉल्व्ह, आत नायट्रोजन. पल्सर चालवणाऱ्यांना ‘नायट्रॉक्स’ची डबी ओळखीची आहेच. ऑफ-रोडची डबी उघडली की बहुधा एक सुटा पिस्टन हाती येतो. तो दांड्याला जोडलेला नसतो, स्प्रिंगवर टेकलेला नसतो. कडेला ओ-रिंग, एका अंगाला तेल, दुसऱ्या अंगाला वायू; दोघांच्या रेट्यात तो तरंगत राहतो. या पिस्टनचं कूळ तोफखान्यातलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

१८९७ ची फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफ पाहा. त्याआधीची मैदानी तोफ गोळा सुटला की चाकांसकट मागे उसळायची, आणि दर वेळी नेम नव्याने धरावा लागायचा. नव्या तोफेत नुसती नळी मीटरभराहून जास्त मागे सरकायची. गाडा जागचा हलायचा नाही. मागे जाणारी नळी तेलाला अरुंद वाटेने दुसऱ्या सिलिंडरमध्ये ढकलायची. तिथे तेल आणि दाबलेली हवा यांच्या मध्ये होता सुटा पिस्टन. तेलाने हवा दाबली जायची, मग तीच हवा नळीला पुन्हा जागेवर आणायची. शॉकअपची डबी याहून वेगळं काय करते?

आता ही कल्पना कोणाची, यावर भांडण आहे. जर्मन मंडळी कोनराड हाउसनरचं नाव घेतात. या इंजिनिअरने तेल आणि हवेवर चालणाऱ्या लांब धक्क्याच्या तोफेचं पेटंट १८९१ मध्ये घेतलं होतं. त्याच्या कामाची कुणकुण फ्रेंच तोफखान्याचे प्रमुख जनरल मातिए यांना लागली आणि त्यांनी प्युतोच्या कारखान्यातल्या देपोर यांना कामाला लावलं. देपोर यांच्यानंतर सेंत-क्लेअर देव्हिल आणि रिमायो यांनी ते तडीस नेलं. माझा निवाडा असा: कल्पना हाउसनरची, पण तोफ फ्रेंचांची. जर्मन यंत्र तेलाच्या गळतीने हरलं. प्युतोने गळती थांबवली. सगळी विद्या त्या पिस्टनच्या सीलमध्ये होती, आणि फ्रेंचांनी ती जिवापाड लपवली. त्या काळी तोफेचा धक्का तेलाने जिरवणारा हायड्रॉलिक ब्रेक केवढं मोठं गुपित होतं पाहा: १८९४ च्या ज्या चिठ्ठीवरून फ्रेंच सैन्यातलं हेरगिरीचं ड्रायफस प्रकरण पेटलं, तिच्यातलं पहिलंच कलम १२० मिलिमीटर तोफेच्या हायड्रॉलिक ब्रेकचं होतं.

तोफेतून हे मोटारीत आलं कसं? काही जण विमानाच्या चाकाच्या पायाकडे बोट दाखवतात. व्हिकर्सने १९१५ मध्ये तेल-हवेचा तसा पाया बनवला खरा. पण साध्या पायात तेल आणि वायू एकाच पोकळीत असतात, मध्ये पिस्टन नसतो. दुसरे सित्रोएन डीएसचं नाव घेतात. त्या १९५५ च्या गाडीत पॉल माजेसच्या सस्पेन्शनमध्ये नायट्रोजनचे गोळे होते, पण आत रबरी पडदा. तरंगता पिस्टन भेटतो तो द कार्बाँ या फ्रेंच इंजिनिअरच्या एकनळी शॉकअपमध्ये. बिलस्टाइनने तो १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी बनवला. ज्या देशाने ७५ ची तोफ एवढी मिरवली, तिथल्या इंजिनिअरला पिस्टनची ही जागा ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. त्याने तोफेच्या धक्क्यावरचा उपाय खड्ड्याच्या धक्क्याला लावला. खडकाळ वाटेवर तेल-हवा घुसळून फेस झाला की शॉकअप लुळा पडतो. वेगळा ठेवलेला, दाबाखालचा वायू तो फेस होऊ देत नाही.

या डबीत नायट्रोजन घरी भरायचा तर स्वस्तात जमतं, कारण सामान एसी मेकॅनिककडे असतंच. गळती तपासायला तो नायट्रोजनचं सिलिंडर आणि भारी दाबाचा रेग्युलेटर वापरतो. शॉकअपला साधारण १५० ते २०० पीएसआय लागतात. टायरवाल्याचा नायट्रोजन टायरपुरत्याच दाबाचा, तो इथे पुरत नाही. एसीच्या पोर्टमध्ये आणि शॉकअपच्या व्हॉल्व्हमध्ये दाबायची पिन एकाच जातीची, श्रेडरची, १८९३ च्या पेटंटची. आटे मात्र वेगळे, म्हणून नळीच्या टोकाला टायरच्या आट्यांचं चक बसवावं लागतं. ते दोन टप्प्यांचं घ्यावं: आधी आटे घट्ट होतात, मग वेगळी मूठ फिरवून पिन दाबली जाते. काढताना आधी पिन सोडायची, मग आटे. डबीत वायू इतका थोडा असतो, की दाब पुन्हा पाहायला साधा गेज लावला तर नळी भरण्यातच बराच दाब जातो. रेग्युलेटरचा काटा पाहायचा तो भरतानाच.

आणि वेल्डिंगवाल्याकडून सिलिंडर आणणार असाल, तर त्यावरचं नाव स्वतः वाचा. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला लागला तर स्फोट होऊ शकतो. शॉकअपमध्ये तो कधीही भरू नका.