‘पेथॉस’ आणि ‘बेथॉस’: एका अर्थांतराचा इतिहास

इंग्रजी समीक्षेतील ‘पेथॉस’ आणि ‘बेथॉस’ या शब्दांचे उच्चारसाम्य असे आहे की, ती एकाच ग्रीक कुळातील भावंडे असावीत असा समज सहज होतो. वस्तुतः त्यांच्या मूळ अर्थांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ‘पाथॉस’ म्हणजे भोग, वेदना आणि त्यावरून भावक्षोभ. श्रोत्यांच्या भावना चाळवून त्यांचे मन वळविण्याच्या साधनास ॲरिस्टॉटलने हेच नाव दिले. ‘बाथॉस’ म्हणजे केवळ खोली. या शब्दात निंदेचा अंश मुळीच नव्हता.

इंग्रजीत ती निंदा त्यास चिकटली १७२८ साली. लाँगिनसच्या नावावर असलेला ‘पेरी हुप्सूस’, म्हणजे ‘उंचीविषयी’, हा ग्रंथ ब्वालोच्या १६७४ च्या फ्रेंच भाषांतरामुळे सर्वत्र प्रतिष्ठा पावला होता. अलेक्झांडर पोपने मार्टिनस स्क्रिब्लेरस या कल्पित पंडिताच्या मुखाने त्याचे विडंबन रचले आणि त्यास ‘पेरी बाथूस’ असे नाव दिले. काव्यात वर चढण्याची कला असेल, तर खाली बुडण्याची का नसावी, असा त्यातील साळसूद प्रश्न. समकालीन कवींची उडते मासे, शहामृग, बेडूक, कासवे अशी वर्गवारी करून पुढे केवळ आद्याक्षरे छापल्यामुळे जो गदारोळ उठला, त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. त्याच वर्षी ‘डन्सियड’ प्रसिद्ध झाले.

गंमत अशी की, लाँगिनसच्या दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी उंचीची ‘अथवा खोलीची’ काही कला आहे काय, असाच प्रश्न हस्तलिखितात येतो. तेथे ‘बाथूस’ऐवजी ‘पाथूस’ हा पाठ काही संपादकांनी सुचविला आहे. एका अक्षराच्या फरकाने खोलीची जागा भावना घेते!

तात्पर्य, पोपच्या बेथॉसचा प्रतियोगी उदात्त होय, करुण नव्हे. फसलेला पेथॉस म्हणजे बेथॉस ही प्रचलित समजूत, माझ्या मते, बहुतांशी यमकाने पोसलेली आहे. मराठीत बेथॉससाठी ‘रसाभास’ योजण्याचा मोह होतो. करुणाचा आभासही हास्यास कारण होतो, हे अभिनवगुप्ताने सांगितलेच आहे. परंतु रसाभासाचे मूळ अनौचित्यात आहे. उंचीवरून अकस्मात घसरण्याची कल्पना त्यात अनिवार्य नाही. त्यापेक्षा ‘उदात्तपात’ हा शब्द मूळ विडंबनाशी अधिक इमान राखतो.