भयाण चेहऱ्यांची साक्ष

सवी सावरकर यांच्या एका चित्राची छापील प्रत मी बडनेऱ्याच्या घरी आणली, तेव्हा आईने ती उलटी करून ठेवली. "भुतावानी दिसते हे. कायले आनलं घरात?" मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, घराण्यातला पहिला पदवीधर आहे. पण या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही.

सवी सावरकर 1961 साली नागपुरात जन्मले. नागपूर आणि बडोदे येथे शिकून पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. गळ्यात मडके बांधलेला अस्पृश्य, मेलेली गाय, देवदासी हे त्यांचे विषय. त्यांची माणसे देखणी नाहीत. जाड काळी रेघ, वेडावाकडा देह, मुखवट्यासारखा चेहरा. प्रस्थापित अभिरुचीला हे विद्रूप वाटते. परंतु ज्या देहाला शतकानुशतके वाकवले, तो प्रमाणबद्ध काढणे ही लबाडीच ठरली असती. येथे भावना चेहऱ्यावरच्या आसवांतून व्यक्त होत नाही. ती रेषेच्या पीळातून व्यक्त होते. सवी मुद्राचित्रणही शिकलेले आहेत. त्या कलेत धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडे काढतात आणि आम्ल ती रेघ खात जाते. आपल्या वेदनेला हे माध्यम साजेसे आहे.

पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी मडके आणि कमरेला पावले पुसणारा झाडू असे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नमूद केले. त्याआधी 1855 साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ताबाईने 'ज्ञानोदया'त बाजीरावाच्या राज्यातील मांग-महारांचे हाल मांडले होते. कोणी म्हणेल, वऱ्हाडावर पेशव्यांचा थेट अंमल नव्हता, मग हे मडके आमचे कसे? मडके पुण्याचे असेल, अपमान आमचाही होता. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी 1927 साली अमरावतीत परिषद भरवावी लागली आणि तिचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी स्वीकारले, ते उगाच नाही. दप्तरांत हुकूम सापडतात, वसूल सापडतो. माणसाला काय वाटले ते सापडत नाही. ती रिकामी जागा ही चित्रे भरतात. जर्मनीच्या केटे कोलवित्झने 1893 ते 1897 या काळात विणकरांच्या उठावाची चित्रमाला केली, तिनेही उपाशी चेहरे गोंडस केले नाहीत.

आईचे म्हणणे मात्र मी टाळू शकत नाही. माझ्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढली. 1956 च्या दीक्षेनंतर ते काम सुटले. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि कोटातले बाबासाहेब आहेत. "वढनं सोडलं ना आपुन? मंग पुन्हा कायले?" तिचा विसर हा भित्रेपणा नव्हे, तो कष्टाने मिळवलेला आहे. पण ज्यांनी मडके बांधले, त्यांनाही नेमका हाच विसर हवा असतो. म्हणून आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न उरतोच.

चार दिवसांनी आईने ते चित्र पुन्हा हातात घेतले. बराच वेळ पाहिले. म्हणाली, "हे भेलं नाही. हे आपल्यालेच पाहून रायलं."

मग पेटी उघडून तिने ते आजोबांच्या कागदांखाली ठेवले. "भितीवर लावू नोको. पन फेकू बी नोको."

माझ्या मते इतिहास लिहिणाऱ्यानेही याहून वेगळे काही करायचे नसते.