ठाकूरनं गब्बरला मारलं का? ‘शोले’च्या डिस्क आणि एक जुनं भांडण

आजचा भाग एका भांडणापासून सुरू होतो. साल २००६, गाव अकोला, उन्हाळ्याच्या सुट्या. अमरावतीहून माझा आतेभाऊ आला होता. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. बोलता बोलता तो म्हणाला, ‘शोले’च्या शेवटी ठाकूर गब्बरला पायानं तुडवून मारतो. आमची अख्खी गल्ली हसली. अरे, टीव्हीवर दहा वेळा पाहिलाय बाप्पा! पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात, गब्बरला घेऊन जातात. विषय संपला.

दादा ऐकेना. मग दहा रुपये देऊन भाड्यानं व्हीसीडी आणली. तीन सीडींचा सेट. लोडशेडिंग सांभाळून रात्री लावली, आणि तिसरी सीडी नेमकी शेवटाजवळ अडकली. टूथपेस्ट चोळून झाली, बनियनला पुसून झाली, काही फरक नाही. पुराव्याअभावी आम्ही दादाला फेकू ठरवलं.

सीडी शेवटालाच का अडकली, हे मला इंजिनिअरिंगला कळलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे सिनेमाची सुरुवात मधल्या भोकाजवळ आणि शेवट बाहेरच्या कडेला. बोटं, धूळ, ओरखडे सगळे कडेलाच जास्त. भाड्याच्या सीडीत क्लायमॅक्सच पहिला मरतो!

आता व्हीसीडीचं चित्र तसं का दिसायचं ते बघू. १९९३ मध्ये हा फॉरमॅट ठरला. गाण्यांची सीडी ज्या वेगानं वाचली जायची, त्याच वेगात आवाज आणि चित्र दोन्ही बसवायचे होते. चित्राच्या वाट्याला आले सेकंदाला साधारण ११५० किलोबिट. एका सीडीत ७४ मिनिटं, म्हणून १९८ मिनिटांच्या ‘शोले’ला तीन सीड्या. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आणि आमच्या सीडीत वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या. मी हिशोब केला, चित्रासाठी उरल्या फक्त १७५ ओळी. शिवाय बिटरेट ठरलेला. ठाकूर शांत उभा असला की चेहरा बरा दिसतो, पण रेल्वेवरचा हल्ला सुरू झाला, घोडे, धूर, धूळ आली, की एवढ्या बदलाला बिट पुरत नाहीत आणि पडद्यावर चौकोन चौकोन पडतात. मला लहानपणी वाटायचं ती धूळच तशी आहे.

पण खरी गंमत डीव्हीडीत आहे, आणि त्यासाठी १९७५ ला जावं लागतं. रमेश सिप्पींना ७० एमएमचा भव्य पडदा हवा होता. चित्रण मात्र नेहमीच्या ३५ एमएमवर झालं, कॅमेरा द्वारका दिवेचांचा. नंतर ती चौकोनी चौकट वर-खाली कापून, मोठी करून २.२ ला १ अशी रुंद केली. म्हणजे जवळपास ४० टक्के उंची गेली. त्यात आणीबाणी लागलेली. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेऊन खून करतो, हे सेन्सॉरला चालेना. शेवट पुन्हा चित्रित झाला, पोलीस आले, आणि १५ ऑगस्टला लोकांनी तोच पाहिला.

आपल्याकडेही तोच. सिनेमाच्या धंद्यात आपला भाग आजही ‘सीपी बेरार’ सर्किट म्हणवला जातो. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड, आणि अमरावती हे तिथल्या वितरकांचं जुनं ठाणं. त्या नावाचा प्रांत १९५० लाच गेला, पण बॉक्स ऑफिसच्या बातमीत तो अजून जिवंत आहे. असो.

मूळ शेवट बाहेर आला १९९० मध्ये, ब्रिटनमधल्या व्हीएचएस कॅसेटवर. पुढे इरॉसनं डीव्हीडीच्या दोन आवृत्त्या काढल्या. एक रुंद पडद्याची, १९८ मिनिटांची, सेन्सॉरवाल्या शेवटाची. दुसरी २०४ मिनिटांची, मूळ शेवटाची, पण चौकोनी, न कापलेल्या चौकटीची.

आता सांगा, कुठली चांगली? डीव्हीडी म्हणजे ७२० गुणिले ५७६, व्हीसीडीच्या चौपट ठिपके, त्यामुळे दोन्ही व्हीसीडीपेक्षा सरस. पण चौकोनी आवृत्तीत वर आभाळ आणि खाली खडक जास्त दिसतात, जे थिएटरात कुणी पाहिलेच नव्हते. चित्र जास्त आहे, पण सिप्पींना हवी ती चौकट नाही. आणि हवी ती चौकट ज्यात आहे, त्यात त्यांना हवा तो शेवट नाही! ‘बेस्ट प्रिंट कुठली’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कशाची? मला स्वतःला विचाराल तर चौकोनी. सहा मिनिटांसाठी मी खडक सहन करीन.

ही जोडणी व्हायला २०२५ उजाडलं. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं सिप्पी फिल्म्सबरोबर फोर-के आवृत्ती तयार केली. मूळ निगेटिव्ह पार खराब झालेली, ७० एमएमची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. लंडन आणि मुंबईत सापडलेल्या जुन्या प्रतींवरून काम झालं, आणि जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात तो दाखवला. रुंद चौकट आणि मूळ शेवट, एकाच सिनेमात.

ती बातमी वाचली आणि मी दादाला फोन लावला. विचारलं, तू तेव्हा कुठं पाहिला होतास? म्हणाला, मित्राच्या काकानं बाहेरून डीव्हीडी आणली होती, “टीव्हीभर चित्र होतं, काळ्या पट्ट्या नव्हत्या.” म्हणजे तीच चौकोनी, २०४ मिनिटांची. मी म्हटलं, दादा, तू बरोबर होतास.

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, “मंग? मी तवाच सांगतलं व्हतं ना बे!”