सर्वोत्तम नवोदित कोण? एका बास्केटबॉल पुरस्काराभोवतीच्या वादांचा इतिहास

१/ दि. १३ एप्रिल १९५७. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा आणि निर्णायक सामना बॉस्टनमध्ये रंगला होता. दोनदा अतिरिक्त वेळ द्यावा लागला, तेव्हा कुठे बॉस्टन सेल्टिक्सने सेंट लुईस हॉक्सवर १२५–१२३ अशी मात केली आणि आपले पहिले विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात बॉस्टनच्या दोन खेळाडूंनी कमाल केली. टॉम हाइनसोनने ३७ गुण आणि २३ रिबाउंड मिळवले. बिल रसेलने १९ गुण आणि तब्बल ३२ रिबाउंड. दोघांचेही लीगमधील ते पहिलेच वर्ष होते.

२/ त्या हंगामाचा ‘रूकी ऑफ द इयर’, म्हणजे सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार, हाइनसोनला मिळाला. रसेल मागे राहिला. हाच रसेल पुढे १३ हंगामांत ११ विजेतेपदे जिंकला आणि पाच वेळा लीगचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला. साहजिकच आज ही नोंद वाचणारा चकित होतो. १९५७ चे मतदार आंधळे होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना केवळ खेळाचाच नव्हे, तर जुने निर्णय कसे वाचावेत याचाही धडा मिळतो.

३/ आधी पुरस्काराची ओळख. तो अधिकृतपणे १९५२–५३ च्या हंगामापासून दिला जातो. पहिला मानकरी फोर्ट वेन पिस्टन्सचा डॉन माइनेके. निवड करतात ती क्रीडा वार्ताहर आणि समालोचकांची मंडळी. आजच्या पद्धतीत प्रत्येक मतदार तीन नावे क्रमाने देतो. पहिल्या पसंतीला ५, दुसऱ्या पसंतीला ३ आणि तिसऱ्या पसंतीला १ गुण मिळतो. मात्र ‘सर्वोत्तम’ कोणाला म्हणावे, याचे माप ज्याने त्याने आपापले वापरायचे. सर्व वादांचे मूळ येथेच आहे.

४/ आता १९५७ कडे परत वळू. १९५६ ची ऑलिम्पिक स्पर्धा मेलबर्न येथे नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये झाली आणि रसेल अमेरिकेच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होता. तो सेल्टिक्समध्ये दाखल झाला डिसेंबरच्या उत्तरार्धात. तोवर हंगामाचा एक तृतीयांश भाग उलटून गेला होता. ७२ सामन्यांपैकी रसेलच्या वाट्याला आले ४८. हाइनसोन मात्र पहिल्या दिवसापासून मैदानात होता. त्याची सरासरी होती सामन्यामागे १६.२ गुणांची, रसेलची १४.७ गुणांची. रिबाउंडमध्ये मात्र रसेल कितीतरी पुढे होता: १९.६ विरुद्ध ९.८.

५/ आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रसेलचे खरे सामर्थ्य होते प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवण्यात, म्हणजे ‘ब्लॉक’मध्ये. परंतु एनबीएने ब्लॉकची अधिकृत मोजणी सुरू केली ती १९७३–७४ च्या हंगामापासून. रसेल तोवर निवृत्त झाला होता. म्हणजे ज्या कलेने त्याने खेळाचे स्वरूप पालटले, त्या कलेसाठी १९५७ च्या गुणतक्त्यात रकानाच नव्हता. मतदारांसमोर जो कागद होता, त्यावर हाइनसोनचे पारडे जड दिसणे स्वाभाविक होते. नोंदीत जे उतरत नाही, ते निकालातही क्वचितच उतरते.

६/ बारा वर्षांनंतर नेमका उलटा प्रसंग आला. १९६८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत, पहिला क्रमांक होता एल्व्हिन हेज आणि दुसरा वेस अनसेल्ड. सॅन डिएगो रॉकेट्सकडून खेळताना हेजने पहिल्याच वर्षी सामन्यामागे २८.४ गुण मिळवले आणि साऱ्या लीगमध्ये गुणांच्या सरासरीत अव्वल स्थान पटकावले. बाल्टिमोर बुलेट्सच्या अनसेल्डची सरासरी होती अवघी १३.८ गुणांची. तरीही सर्वोत्तम नवोदित ठरला अनसेल्ड. एवढेच नव्हे, तर त्याच वर्षी तो सर्वाधिक मौल्यवान खेळाडूही ठरला.

७/ पहिल्याच हंगामात हे दोन्ही मान मिळवणारा त्याच्याआधीचा एकमेव खेळाडू म्हणजे विल्ट चेंबरलेन. पण चेंबरलेनने १९५९–६० मध्ये सामन्यामागे ३७.६ गुण आणि २७ रिबाउंड अशी आकडेवारी उभी केली होती. त्याच्याविषयी वाद होण्याचे कारणच नव्हते. (आज पुरस्काराच्या चषकाला त्याचेच नाव आहे.) अनसेल्डचे तसे नव्हते. सहा फूट सात इंच उंचीचा हा सेंटर उंच प्रतिस्पर्ध्यांना अंगबळाने थोपवून धरी, रिबाउंड घेई आणि क्षणात लांब पास टाकून सहकाऱ्यांना मोकळी वाट करून देई. श्रेय बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर जमा होई.

८/ अनसेल्डच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो: त्याने संघ पालटला. बुलेट्सचे विजय आदल्या वर्षीच्या ३६ वरून ५७ वर गेले, म्हणजे २१ ची वाढ. पण तीच फूटपट्टी हेजला लावली तर काय दिसते? रॉकेट्सचे विजय १५ वरून ३७ वर गेले. वाढ २२ ची! म्हणजे फरक प्रगतीत नव्हता, तो शिखराच्या उंचीत होता. तळातून मध्यावर आलेल्या संघापेक्षा मध्यावरून माथ्यावर गेलेला संघ मतदारांच्या डोळ्यांत अधिक भरला. हेजचा दावा दुबळा नव्हता. तो कमी झळाळणाऱ्या संघात होता.

९/ या कथेला इतिहासाने सुंदर वळण दिले. १९७२ मध्ये हेज बुलेट्समध्येच आला. एकेकाळचे प्रतिस्पर्धी सहकारी झाले आणि १९७८ मध्ये, संघ वॉशिंग्टनला गेल्यानंतर, दोघांनी मिळून विजेतेपद जिंकले. त्या अंतिम मालिकेतील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा मान पुन्हा अनसेल्डकडेच गेला.

१०/ कधी कधी मतदारांनी कौल देण्याऐवजी तराजू समतोल ठेवला. १९७१ मध्ये बॉस्टनचा डेव्ह कॉवेन्स आणि पोर्टलँडचा जेफ पेट्री यांना पुरस्कार विभागून मिळाला. पेट्रीची सरासरी २४.८ गुणांची होती, पण त्याचा संघ लीगमध्ये नवाच होता आणि तो ५३ सामने हरला. कॉवेन्सची सरासरी १७ गुण आणि १५ रिबाउंडची होती, आणि त्याचा संघ ४४ सामने जिंकला. एका बाजूला वैयक्तिक कर्तृत्व, दुसऱ्या बाजूला सामूहिक यश. कोणते मोठे, हे मतपेटीलाही ठरवता आले नाही.

११/ पुढे १९९५ मध्ये ग्रँट हिल व जेसन किड, आणि २००० मध्ये एल्टन ब्रँड व स्टीव्ह फ्रान्सिस यांच्यातही असाच पुरस्कार विभागला गेला. १९९५ चे उदाहरण विशेष बोलके आहे. त्या वर्षी नवोदितांत सर्वाधिक, म्हणजे सामन्यामागे २१.९ गुण मिळवले होते ग्लेन रॉबिन्सनने. आणि नेमका तोच विभागणीतून बाहेर राहिला. किडची सरासरी तर केवळ ११.७ गुणांची होती. पण त्याच्या आगमनाने डॅलसचा संघ १३ विजयांवरून ३६ वर पोहोचला होता. गुणांची सरासरी हाच निकष असता, तर या वादाचा इतिहास दोन ओळींत संपला असता.

१२/ सर्वांत गाजलेली स्पर्धा मात्र १९८० ची. मार्च १९७९ मध्ये महाविद्यालयीन अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला ७५–६४ असे हरवले होते. काही महिन्यांतच दोघे एनबीएत उतरले. बर्डची सरासरी २१.३ गुण आणि १०.४ रिबाउंडची, त्याचा बॉस्टन संघ २९ विजयांवरून थेट ६१ वर गेला. जॉन्सनची सरासरी १८ गुण, ७.७ रिबाउंड आणि ७.३ असिस्टची, त्याचा लॉस एंजेलिस लेकर्स ४७ वरून ६० वर. निकाल लागला ६३ मते विरुद्ध ३. जिंकला बर्ड.

१३/ मग आला १६ मे १९८०. अंतिम मालिकेतील सहावा सामना फिलाडेल्फियात होता आणि लेकर्सचा आधारस्तंभ करीम अब्दुल-जब्बार घोट्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. वीस वर्षांच्या जॉन्सनने ४२ गुण, १५ रिबाउंड आणि ७ असिस्ट अशी कामगिरी करून विजेतेपद खेचून आणले. अंतिम मालिकेतील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. हा मान मिळवणारा दुसरा नवोदित अद्याप झालेला नाही. पण नवोदितांचा पुरस्कार नियमित हंगामापुरता असतो. त्या ६३ जणांना मे महिन्यातील ती रात्र ठाऊक असणे शक्यच नव्हते.

१४/ २००४ मध्ये लेब्रॉन जेम्स आणि कार्मेलो अँथनी यांच्यातील सामना तर जणू प्रयोगशाळेत रचला होता. क्लीव्हलँड आणि डेन्व्हर हे त्यांचे संघ आदल्या वर्षी एकसारखेच होते: १७ विजय, ६५ पराभव. जेम्सची सरासरी २०.९ गुणांची, अँथनीची २१. डेन्व्हर ४३ विजयांसह प्लेऑफमध्ये पोहोचला. क्लीव्हलँड ३५ वर थांबला. १९६९ चा न्याय लावला असता, तर अँथनी जिंकायला हवा होता. जिंकला जेम्स, ५०८ विरुद्ध ४३० गुणांनी. त्याची असिस्टची बाजू भक्कम होती. निकष पुन्हा बदलला होता.

१५/ दुसरा सनातन प्रश्न हजेरीचा. २०१६–१७ मध्ये फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड सामन्यामागे २०.२ गुण मिळवत होता. पण ८२ पैकी तो खेळला केवळ ३१ सामने. पुरस्कार गेला मिलवॉकीच्या माल्कम ब्रॉग्डनकडे: ७५ सामने, १०.२ गुण. ड्राफ्टमध्ये ब्रॉग्डनचा क्रमांक होता ३६ वा. उलट १९८६ मध्ये पॅट्रिक युइंगने ५० सामन्यांवर हाच पुरस्कार मिळवला होता. ५० चालतात, ३१ चालत नाहीत. मधली रेषा कोठेही लिहिलेली नाही. २०२३–२४ पासून अनेक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट आली, पण या पुरस्काराला ती लागू नाही.

१६/ तिसरा प्रश्न त्याहून मूलभूत: नवोदित म्हणावे तरी कोणाला? बेन सिमन्स २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला होता, पण पायाच्या दुखापतीमुळे तो प्रत्यक्ष खेळला २०१७–१८ मध्ये. त्याच हंगामात यूटाचा डोनोव्हन मिचेल खरोखरच नवा होता. संघाबरोबर वर्षभर सराव केलेला खेळाडू ‘नवा’ कसा, असा सवाल उठला. मिचेलने तर या शब्दाची व्याख्या छापलेला पोशाख घालून जाहीर टोला हाणला. नियम मात्र स्पष्ट होता: पहिला सामना ज्या हंगामात, तो हंगाम नवोदिताचा. सिमन्स सहज जिंकला.

१७/ येथे इतिहास जाणणाऱ्याला एक विसंगती दिसते. डेव्हिड रॉबिन्सन १९८७ मध्ये निवडला गेला, दोन वर्षे नौदलात राहिला आणि १९९० मध्ये एकमताने सर्वोत्तम नवोदित ठरला. ब्लेक ग्रिफिनने दुखापतीमुळे पूर्ण वर्ष गमावले आणि २०११ मध्ये तोही एकमताने जिंकला. खुद्द बर्डची निवड १९७८ मध्येच झाली होती. तो आणखी एक वर्ष महाविद्यालयात राहिला. २०१८ मध्ये नियम तोच होता. फरक एवढाच की समोर तगडा प्रतिस्पर्धी उभा होता. व्याख्येवरचे वाद बहुधा तेव्हाच पेटतात, जेव्हा निकाल अटीतटीचा असतो.

१८/ २०२४ मध्ये हे सारे प्रश्न एकत्र आले. ओक्लाहोमा सिटीचा चेट होल्मग्रेन दुखापतीमुळे एक वर्ष उशिरा उतरला, सर्व ८२ सामने खेळला आणि त्याचा संघ ५७ विजयांसह पश्चिम विभागात पहिला आला. सॅन अँटोनियोच्या व्हिक्टर वेम्बान्यामाचा संघ आदल्या वर्षीप्रमाणेच २२ सामने जिंकून तळाशी राहिला. तरी सर्वच्या सर्व ९९ मतदारांनी पहिली पसंती दिली वेम्बान्यामाला. सामन्यामागे २१.४ गुण, १०.६ रिबाउंड, आणि ३.६ ब्लॉक. ब्लॉकमध्ये तो साऱ्या लीगमध्ये अव्वल होता.

१९/ रसेलच्या काळी जी कला कोणी मोजत नव्हते, तीच येथे निकालाचा कणा ठरली. म्हणून १९५७ च्या मतदारांना दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. त्यांच्यापुढे रसेलची ११ विजेतेपदे नव्हती. होते ते ४८ सामने आणि अपुरा तक्ता. तसेच १९८० च्या मतदारांपुढे मे महिना नव्हता. हा पुरस्कार भविष्याचे भाकीत करत नाही. तो एका वर्षाच्या श्रमाची पावती देतो.

२०/ पश्चातबुद्धीने पाहिले की जुना प्रत्येक निर्णय एकतर उघड दिसतो, नाहीतर मूर्खपणाचा. पण निर्णय घेणाऱ्यांपुढे त्या दिवशी काय होते, त्यांनी कोणते माप वापरले आणि कोणत्या गोष्टीला त्यांच्या मापात जागाच नव्हती, हे तीन प्रश्न विचारले की तोच निर्णय समजू लागतो. मग हाइनसोनचा मान रसेलकडून हिरावलेला वाटत नाही आणि रसेलचे मोठेपण त्या मानावाचून उणे ठरत नाही. हीच कसोटी राजांच्या तहांना लागू पडते, निवडणुकांना लागू पडते आणि चेंडूच्या खेळालाही.