तुरीचे फूल व कीटकपरागण

तूर (कजानस कजान, शिंबावंत कुल) या पिकाचे फूल पिवळे व पतंगरूप असते. आपल्याच परागाने त्यात दाणा भरू शकतो, पण दुसऱ्या झाडाचा पराग त्यात बहुतांशी कीटकांमुळेच येतो. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव परिसरात कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास घेतात. त्यामुळे कीटकांना बोलावण्याच्या दोन अगदी वेगळ्या रचना तेथे एकाच वावरात पाहायला मिळतात.

रचना : फुलाला पाच पाकळ्या असतात. मागची सर्वांत मोठी पाकळी म्हणजे पताका. तिचा पसरट पिवळा रंग कीटकांना दुरून दिसतो. काही वाणांत तिच्या पाठीवर तांबड्या रेघा असतात. बाजूच्या दोन पाकळ्यांना पंख म्हणतात. तळच्या दोन पाकळ्या जुळून नावेसारखी तरी बनते. दहा केसरदले आणि किंजल या तरीतच झाकलेली असतात. नऊ केसरदलांचे तंतू जुळून नळी होते व वरच्या बाजूचे दहावे सुटे राहते. ते सुटे असल्यामुळे तळाशी असलेल्या मधुरसापर्यंत सोंड पोचायला वाट मिळते.

परागण : माशी पंखांवर उतरून सोंड आत घालते. तिच्या भाराने व रेट्याने पंख आणि तरी खाली दबतात, आतले परागकोश व किंजल्क (किंजलाचे टोक) उघडे पडून तिच्या पोटाला घासतात. आधीच्या झाडावरचा पराग किंजल्कावर उतरतो आणि नवा पराग अंगाला लागतो. पाने कातरून घरटे करणाऱ्या एकाकी माश्यांच्या (मेगॅचिली प्रजाती) पोटाखालीच पराग साठवणाऱ्या केसांचा झुबका असतो, म्हणून हे फूल त्यांना चांगले जुळते. आग्या मोहळाच्या माश्याही तुरीवर येतात. फुलकिडे मात्र फुलात असूनही तरी दाबण्याइतके वजनदार नसतात. पराग चिकट व झाकलेला असल्याने वाऱ्याचा वाटा नगण्य असतो.

परागकोश फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी, कळीतच फुटतात. म्हणून स्वपरागण मोठ्या प्रमाणात होते. परपरागणाचे प्रमाण ठिकाण व कीटकांची संख्या यांनुसार बरेच बदलते. अनेक ठिकाणी ते २० टक्क्यांच्या आसपास आढळते.

कपाशीशी तुलना : कपाशीचे फूल उघड्या पेल्यासारखे असते. मधोमध केसरदलांचा स्तंभ असतो, पराग जड व चिकट असतो, आणि तिथे पोचायला पाकळी दाबावी लागत नाही. मोठ्या, उघड्या फुलात माणसाचा हातही सहज पोचतो. सुरतेला सी. टी. पटेल यांनी विकसित केलेल्या एच-४ या संकरित कपाशीचे (१९७०) बियाणे हाताने परागण करूनच तयार होऊ लागले. तुरीचे फूल लहान, नाजूक. एका शेंगेत साधारण तीन ते पाच दाणे. तिथे हाताचे काम परवडत नाही. नर-वंध्य झाडे सापडल्यावर ते काम माश्यांवर सोपवता आले : या झाडांना स्वतःचा पराग नसतो, माशीने आणला तरच शेंग धरते. या पद्धतीने पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या संशोधनातून आयसीपीएच ८ हा संकरित वाण १९९१ मध्ये आला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही एकेपीएच ४१०१ व एकेपीएच २०२२ हे संकरित वाण दिले.

शेतीतील महत्त्व : माशी जशी संकर घडवते, तशीच ती घरच्या बियाण्यात भेसळही आणते. शेजारी दुसरा वाण असल्यास बियाण्यासाठी धुऱ्याकडची झाडे टाळून वावराच्या मधली झाडे राखावीत. पैदासकार शुद्ध वाणांची झाडे जाळीखाली वाढवतात. फुलोऱ्यात शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करावीच लागली, तर ती माश्यांची वर्दळ थांबल्यावर, संध्याकाळी करावी. एकाकी माश्या पोकळ काड्यांत, भेगांत व बिळांत घरटी करतात. म्हणून धुऱ्यावरची झुडपे न जाळता राखणे हा त्यांच्या रक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.