‘जमत नाही’ की ‘ऐकत नाही’?

लहानपणी आमच्या दस्तरखानावर एका चुलतभावाचा डावा हात रोज मार खायचा. त्या हाताने घास उचलला की आजी चमच्याची दांडी बोटांवर मारायची आणि बजावायची, डाव्या हाताने सैतान खातो. मकतबमध्ये लेखणी डाव्या हातात दिसली की पुन्हा तेच. तो रडत एवढेच म्हणायचा, ‘जमत नाही’. मोठ्यांना ते ‘ऐकत नाही’ असे ऐकू यायचे.

आजी काही मनचे सांगत नव्हती. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात उजव्या हाताने खाण्यापिण्याचा आदेश आहे आणि सैतान डाव्या हाताने खातो असे कारणही दिले आहे. जोडे घालताना, केस विंचरताना, वुजू करताना उजवीकडून सुरुवात करणे प्रेषित मुहंमद (स.) यांना आवडत असे, अशी हजरत आयेशा (र.) यांची रिवायत आहे. कुरआनच्या ५६व्या सूरहमध्ये ‘उजवीकडचे’ म्हणजे भाग्यवान आणि ‘डावीकडचे’ म्हणजे दुर्दैवी असे वर्णन येते. ६९व्या सूरहमध्ये कयामतच्या दिवशी सज्जनाचा कर्मलेख त्याच्या उजव्या हातात आणि दुर्जनाचा डाव्या हातात दिला जाईल, असे सांगितले आहे.

मात्र ही एकट्या मुसलमानांची गोष्ट नाही. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाच्या वेळी मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे उभी केली जातात, आणि डावीकडच्यांच्या वाट्याला आग येते. हिंदू परंपरेत प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात, आणि ‘वाममार्ग’ या शब्दाला लोकांच्या तोंडी संशयाचा वास आहे. आपल्या मराठीतच पाहा. देवाने होकार दिला तर तो ‘उजवा कौल’, आणि भेदभाव केला तर ‘डावे-उजवे केले’. रॉबेर हर्ट्झ या तरुण फ्रेंच अभ्यासकाने १९०९ साली उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर एक निबंध लिहिला. समाज पवित्र-अपवित्र, बलवान-दुबळा असे जगाचे दोन भाग पाडतो आणि तीच विभागणी माणसाच्या शरीरावर लादतो, असे त्याचे म्हणणे होते. शरीरातला किंचित फरक समाज कायदा करून टाकतो.

पण माणूस डावखुरा का होतो? त्याने हट्ट धरला म्हणून, की तो तसा घडला म्हणून?

हा प्रश्न थेट उभा करणारी एक हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्येच आहे. सलमा बिन अकवा (र.) सांगतात की, प्रेषितांसमोर एक माणूस डाव्या हाताने जेवत होता. उजव्या हाताने खा, असे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, मला जमत नाही. त्यावर प्रेषित म्हणाले, मग तुला न जमो. आणि त्यानंतर तो हात त्याच्या तोंडापर्यंत कधी गेला नाही. डावखुऱ्या मुलांना धाक घालायला ही हदीस हमखास सांगितली जाते. सांगताना मधला एक तपशील मात्र गळतो. त्याला अहंकाराखेरीज दुसऱ्या कशाने अडवले नव्हते, असे त्या रिवायतीतच स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे त्या माणसाला उजवा हात वापरणे शक्य होते. ठपका आहे तो खोट्या ‘जमत नाही’वर.

खऱ्या ‘जमत नाही’चे काय? याचे उत्तर इमाम नववी यांनी दिले आहे. नववी १२३३ साली दमास्कसच्या दक्षिणेला नवा या गावी जन्मले आणि १२७७ साली वारले. शाफई पंथाचे ते मोठे आधारस्तंभ, म्हणून कोकणी मुसलमानांना ते परके नाहीत. आम्ही शाफई, आणि त्यांच्या चाळीस हदीसांच्या संग्रहाचे नाव आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. ‘सहीह मुस्लिम’वरच्या भाष्यात नववी लिहितात की, आजार किंवा जखम असा काही उज्र असेल तर डाव्या हाताने खाणे मकरूह नाही. उज्र म्हणजे रास्त सबब. मराठीच्या जुन्या कागदांतला ‘उजूर’ तो हाच.

आरंभीचा मुस्लिम समाज डावखुऱ्यांना काही सैतानाचे सोबती मानत नव्हता. इब्न साद यांच्या नवव्या शतकातल्या चरित्रग्रंथात हजरत उमर (र.) यांच्या वर्णनात ते दोन्ही हातांनी काम करत असे नमूद आहे. बसऱ्याचा थोर गद्यलेखक जाहिझ याने कोड असलेले, लंगडे, आंधळे, तिरळे अशा माणसांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात डावखुऱ्यांनाही जागा आहे, आणि शरीराचे वेगळेपण हा माणसाचा दोष नव्हे, हा त्या ग्रंथाचा सूर आहे.

उलट आधुनिक म्हणवणाऱ्या युरोपात डाव्या हाताचे हाल वाढले. इटलीचा गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो याने १९०३ साली डावखुरेपणाचा संबंध गुन्हेगारीशी जोडला. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज मुळात डावखुरा होता. त्याला लहानपणी उजव्या हाताने लिहायला लावले गेले, आणि तो तोतरा बोलत असे हे सर्वांना माहीत आहे. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्यांत डाव्या हाताने लिहिणारे शंभरात तीन-चारच सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढ्यांत ते दहा-बारा होतात. डावखुऱ्यांची पैदास वाढली नव्हती. छडी थांबली, आणि आधीपासून असलेली माणसे दिसू लागली. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत पाहिले की, गर्भातले मूल कोणत्या हाताचा अंगठा चोखायचा हेही बहुधा ठरवून असते. २००५ साली त्यांनी अशा ७५ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. गर्भात उजवा अंगठा चोखणारी ६० मुले सगळी उजवी निघाली. डावा चोखणाऱ्या १५पैकी १० डावखुरी. आजीच्या चमच्याच्या कितीतरी आधी फैसला झालेला असतो.

आता दुसऱ्या, अधिक अवघड विषयाकडे वळू. समलिंगी आकर्षणाची तुलना डावखुरेपणाशी करणे आज नवे वाटत नाही. १९६३ साली ब्रिटनमधल्या क्वेकर ख्रिस्ती मंडळींच्या एका गटाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत ही तुलना ठळकपणे आली. समलैंगिकतेबद्दल डावखुरेपणापेक्षा जास्त हळहळण्याचे कारण नाही, असा तिचा आशय. तेव्हा ब्रिटनमध्ये पुरुषांमधले असे संबंध गुन्हा होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो कायदा १९६७ साली बदलला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात अशी माणसे आपली अवस्था निवडत नाहीत असे वाक्य होते. १९९७च्या सुधारित आवृत्तीत ते वगळून हा कल वस्तुनिष्ठदृष्ट्या विस्कटलेला आहे असे घातले गेले. ‘निवड नाही’ एवढे मान्य करणेही धर्मसंस्थेला किती जड जाते, ते यातून दिसते.

आपल्याकडे हा विचार परकाच आहे का? इथे पुन्हा इमाम नववी भेटतात, त्याच भाष्यात. मदीनेत ‘मुखन्नस’ म्हटले जाणारे पुरुष होते. त्यांचे बोलणे, चालणे बायकी असे. त्यांच्यापैकी एकाला प्रेषितांच्या घरातल्या स्त्रियांकडे येण्याजाण्याची मुभा होती. पुढे त्याने एका स्त्रीच्या अंगाचे वर्णन पुरुषांसमोर केले, तेव्हा ती काढून घेतली गेली. या हदीसवर लिहिताना नववी उलेमांचे मत नोंदवतात की मुखन्नस दोन प्रकारचे. एक जन्मतःच तसा घडलेला. त्याला ना दोष, ना पाप, ना शिक्षा, कारण त्याला उज्र आहे. दुसरा मुद्दाम सोंग करणारा. निंदा आहे ती त्याची. म्हणूनच प्रेषितांनी आधी त्याच्या घडणीला हरकत घेतली नव्हती. हरकत घेतली ती त्याच्या वागण्याला.

दीडशे वर्षांनी कैरोच्या इब्न हजर अस्कलानी यांनी या सवलतीला अट घातली. जन्मजात असला तरी त्याने हळूहळू ती ढब सोडण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न करूनही सुटली नाही तर दोष नाही. म्हणजे मकतबमधले ‘सवय लाव’. तरीही शेवटी सुटत नसेल तर दोष नाही, इथे दोघे इमाम एकत्र येतात. त्यांच्याही आधी, ९२५ साली वारलेला हकीम राझी याने पुरुषाच्या पुरुषाकडे असलेल्या ओढीवर एक छोटा ग्रंथ लिहिला होता. ती ओढ तो आजारच मानतो, पण मूळ कारण आईबापांच्या बीजात शोधतो. आजचे विज्ञान त्याचे कारण मानत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकीय अभ्यासात समलैंगिकतेचा कुठलाही एकच जीन सापडला नाही; अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा मात्र दिसला. डावखुरेपणाचे चित्रही असेच आहे.

ही तुलना कुठे तुटते, तेही सांगितले पाहिजे. नववी बोलतात ते ढबीबद्दल, इच्छेबद्दल किंवा संबंधांबद्दल नव्हे. डाव्या हाताने खाणे बहुतेक फकीहांच्या मते मकरूह. पुरुषांमधला संबंध मात्र चारही सुन्नी पंथांनी गुनाह मानला आहे आणि आधार हजरत लूत यांच्या कौमच्या कथेचा घेतला आहे. शिक्षेवर मात्र त्यांचे एकमत नाही. इमाम अबू हनीफा यांनी त्याला व्यभिचाराची ठरलेली हद्द लावली नाही. काझीच्या विवेकावर सोडले. स्कॉट कुगल यांच्यासारखे आजचे मुस्लिम अभ्यासक लूतच्या कथेतला अपराध बळजबरीचा आणि पाहुण्यांवरच्या अत्याचाराचा आहे, असे वाचतात. बहुसंख्य उलेमा ते मान्य करत नाहीत. हा वाद एका लेखात मिटणारा नाही.

आपल्या देशात ही शिक्षा कुठून आली तेही लक्षात ठेवावे. कलम ३७७ इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत घातले. उस्मानी साम्राज्याच्या १८५८च्या दंडसंहितेत संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलमच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीचे संबंध ३७७मधून वगळले, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सर्वधर्मीय नेते नाराजीत एकत्र दिसले.

वाद चालू राहील. पण तो मिटेपर्यंत थांबण्याची गरज नाही असे बरेच काही आहे. मुलगा आईबापांना कसाबसा सांगतो की मुलींकडे माझे मन जात नाही. मग झाडफूक होते, तावीज येतो, ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून निकाह उरकला जातो. या ‘सुधारण्यात’ एका निरपराध मुलीचे आयुष्य जाते, तिला कुणी विचारलेलेही नसते. मुलगी असेल तर तिचे तोंडच उघडू दिले जात नाही. कर्माचा हिशेब हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला. घडणीचा जाब मात्र आपण माणसाकडे मागतो, ज्याने ती घडवली नाही त्याच्याकडे. नववींच्या भाष्यात याला आधार नाही.

चुलतभाऊ आज पन्नाशीचा आहे. जेवतो उजव्या हाताने. तेवढे त्याने मनापासून स्वीकारले. लिहितो मात्र डाव्याच हाताने, आणि अक्षर आमच्या खानदानात सर्वांत सुंदर. आजी शेवटच्या वर्षांत मुंबईच्या लेकाला पत्र लिहायला त्यालाच बसवायची. तेव्हा कोणत्या हाताने लिहितोस, असे तिने कधी विचारले नाही.